आयडा लुपिनो : बसवून ठेवलं, तिथंच शिकली

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला ‘सस्पेन्शन’ हा शब्द दोन अर्थांनी माहीत असतो. एक गाडीच्या चाकावरचं, जे आपल्यासाठी धक्के खातं. दुसरं एचओडींच्या केबिनमधून मिळतं ते, जे आपल्याला खावं लागतं! आज जिची ओळख करून द्यायची आहे, त्या बाईनं दुसऱ्या प्रकारचं सस्पेन्शन बरेचदा खाल्लं. आणि गंमत म्हणजे तिचं खरं शिक्षण त्याच दिवसांत झालं.

नाव आयडा लुपिनो. हॉलीवूडची नटी. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसणार. मर्लिन मन्रो आणि ऑड्री हेपबर्न यांचे फोटो होस्टेलच्या भिंतींवर सापडतात, आयडाचा सापडत नाही. पण ‘फिल्म न्वार’ या चित्रपटांचा विषय निघाला, की तिचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आता हे न्वार काय प्रकरण आहे? न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापलं, तेव्हा तिथं अमेरिकन चित्रपट येणं बंद झालं. युद्ध संपल्यावर तुंबलेले सगळे चित्रपट एकदम येऊन थडकले. ते पाहून १९४६ मध्ये तिथल्या समीक्षकांच्या लक्षात आलं, की अमेरिकेतले गुन्हेगारीचे चित्रपट आता भलतेच काळोखे झाले आहेत. रात्रीचं शहर, ओला रस्ता, खिडकीच्या पट्ट्यांच्या भिंतीवर पडलेल्या सावल्या, मोहात अडकत जाणारा माणूस आणि बऱ्याचदा त्याला अडकवणारी बाई. शेवट गोड होईलच याची खात्री नाही. याच चित्रपटांचा संस्कार पुढं मुंबईतही पोचला. गुरुदत्तचा ‘बाजी’ (१९५१) किंवा राज खोसलाचा ‘सी.आय.डी.’ (१९५६) ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही चव ओळखीची वाटेल.

आयडाचा जन्म ४ फेब्रुवारी १९१८ चा, लंडनमधला. लुपिनो घराण्यात कित्येक पिढ्या रंगमंचावर गेलेल्या. वडील स्टॅन्ली लुपिनो हे नावाजलेले विनोदी नट, आई कॉनी एमरल्ड ही नटी. वडिलांनी आयडा आणि तिची बहीण रिटा यांच्यासाठी घराच्या मागच्या आवारात छोटं थिएटरच बांधून दिलं होतं. म्हणजे आपल्याकडं कसं, बाप डॉक्टर असला की पोरानं मेडिकलला जायचं हे न बोलता ठरलेलं असतं, तसंच हे. आयडाला खरं तर लेखिका व्हायचं होतं. पण वडिलांच्या इच्छेखातर ती नाट्यशिक्षणाच्या रॉयल अकादमीत दाखल झाली. (घरच्यांच्या इच्छेखातर ॲडमिशन घेतलेल्या मंडळींनी इथं मान डोलवावी!) १९३२ मध्ये पहिल्या इंग्लिश चित्रपटात काम मिळालं आणि १९३३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, पॅरामाउंट कंपनीनं तिला हॉलीवूडला नेलं.

तिथं तिचं काय करायचं हे कंपनीलाच कळत नव्हतं. आधी ‘ॲलिस इन वंडरलँड’साठी तिचा विचार झाला, पण ती त्या भूमिकेत बसेना. मग केस सोनेरी करून हलक्याफुलक्या चित्रपटांत तिला शोभेपुरतं उभं करायला सुरुवात झाली. त्यातच १९३४ मध्ये तिला पोलिओ झाला.

आपल्या पिढीला पोलिओ म्हणजे रविवारचा बूथ, दोन थेंब आणि करंगळीवरची शाई एवढंच माहीत आहे. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. पण १९३४ मध्ये लस नव्हती, ती यायला अजून वीस वर्षं होती. ताप यायचा, हातपाय लुळे पडायचे, आणि ते परत चालतील की नाही हे कुणीच सांगू शकायचं नाही. आयडा सोळा वर्षांची होती. ती त्यातून बरी झाली, पण अंथरुणावर असताना एक विचार तिच्या मनात पक्का बसला. ज्या धंद्यात सगळं भांडवल चेहरा आणि शरीर हेच असतं, तो धंदा एका आजारानं संपू शकतो. डोकं आणि लेखणी मात्र राहते. पॅरामाउंटशी असलेला करार त्यानंतर मोडकळीला आला. या मधल्या काळात तिनं संगीतही लिहिलं, आणि तिची एक रचना १९३७ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक वाद्यवृंदानं वाजवली. विचार करा, वय एकोणीस!

नटी म्हणून तिचं नाणं खणखणीत वाजलं ते १९३९ मध्ये. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या कादंबरीवर ‘द लाइट दॅट फेल्ड’ हा चित्रपट निघत होता. त्यातली हलक्या वस्तीतली, चित्रकाराचं चित्र विद्रूप करणारी मुलगी आपणच करायची या जिद्दीनं आयडा न बोलावता थेट दिग्दर्शक विल्यम वेलमनच्या ऑफिसात घुसली आणि तिथंच प्रवेश करून दाखवला. भूमिका मिळाली. शोभेची बाहुली संपली आणि नटी सुरू झाली.

पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सचा ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ आला. हा चित्रपट आपल्यासारख्यांनी तर पाहायलाच हवा, कारण यातला खून चक्क ऑटोमेशननं होतो. कथा ट्रक ड्रायव्हर लोकांची. आयडा ट्रक कंपनीच्या मालकाची बायको. घराला गॅरेज, आणि गॅरेजच्या दाराला त्या काळातली नवलाई म्हणजे फोटोसेल. प्रकाशाचा झोत सेलवर पडत असतो, मध्ये कुणी आलं की झोत तुटतो, रिले चालतो आणि दार आपोआप उघडतं किंवा बंद होतं. एका रात्री दारू पिऊन गाडीतच झोपलेल्या नवऱ्याला ती तसंच ठेवते, इंजिन चालू ठेवते आणि त्या झोतामधून चालत बाहेर पडते. मागं दार बंद होतं. गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरत जातो. तिनं कशालाच हात लावलेला नसतो! पण पुढं तीच दारं तिच्या डोक्यात बसतात आणि भर कोर्टात तिचं मन तुटतं. त्या कोर्टाच्या प्रवेशात आयडानं जे केलं, त्यानं लोक हादरले. त्याच चित्रपटात हम्फ्री बोगार्टही आहे. १९४१ च्या ‘हाय सिएरा’मध्ये ती बोगार्टसोबत पुन्हा आली, तेव्हा श्रेयनामावलीत तिचं नाव त्याच्याही आधी होतं.

आता इथून खरी गोष्ट सुरू होते.

त्या काळात हॉलीवूडचे नटनट्या स्टुडिओच्या बांधील नोकरीत असत. करार साधारण सात वर्षांचा. कोणता चित्रपट करायचा हे स्टुडिओ ठरवणार. नाही म्हणालात तर सस्पेन्ड. पगार बंद आणि दुसरीकडं काम करायलाही बंदी. वर आणखी, सस्पेन्शनमध्ये गेलेले दिवस कराराच्या शेवटी जोडले जायचे. म्हणजे केटी लागली आणि टर्मही वाढली, असा दुहेरी मार! (ऑलिव्हिया द हॅविलंड या नटीनं वॉर्नरविरुद्ध कोर्टात जाऊन ही दिवस वाढवण्याची पद्धत मोडून काढली, पण तो निकाल १९४४ मधला.)

वॉर्नरची पहिल्या नंबरची नटी होती बेटी डेव्हिस. तिनं नाकारलेल्या भूमिका बरेचदा आयडाच्या वाट्याला यायच्या. आयडाला हे पुरेपूर ठाऊक होतं आणि ती त्यावर स्वतःच थट्टा करायची. पण भूमिका पटली नाही तर ती सरळ नाही म्हणायची, आणि मग व्हायची सस्पेन्ड. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

अशा वेळी माणूस काय करतो? घरी बसतो, स्टुडिओला शिव्या घालतो. शिव्या तिनंही घातल्या असतील. पण ती सेटवर जात राहिली. काम नव्हतं म्हणून रिकामी होती, आणि रिकामी होती म्हणून पाहता येत होतं. नट असताना माणूस स्वतःच्या संवादात असतो. आता ती कॅमेऱ्याच्या मागं उभी राहून पाहायला लागली. दिवा कुठं लावतात, कोणत्या भिंगानं चेहरा कसा दिसतो, एका जागी लागोपाठ किती शॉट उरकले तर वेळ वाचतो. मग संकलनाच्या खोलीत जाऊन तेच तुकडे कसे जोडले जातात हे बघायचं. तिला ना कुणी सिलॅबस दिला, ना सर्टिफिकेट. दिग्दर्शनाचा वर्कशॉप तिनं असा बिनपगारी पुरा केला.

अभिनयही चालू होताच. ‘द हार्ड वे’मधल्या, धाकट्या बहिणीला पुढं ढकलताना माणसं तुडवत जाणाऱ्या बाईच्या भूमिकेसाठी न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी तिला १९४३ ची सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. ऑस्करचं मात्र आयुष्यभर साधं नामांकनही तिला मिळालं नाही. १९४७ मध्ये ती वॉर्नरमधून बाहेर पडली. १९४८ च्या ‘रोड हाउस’मध्ये तिनं क्लबमधली गायिका केली आणि गाणीही स्वतःच्याच आवाजात म्हटली. घोगरा, रात्रभर जागल्यासारखा आवाज. न्वारच्या नायिकेला आणखी काय हवं!

याच सुमाराला तिनं निर्माता कॉलियर यंगशी लग्न केलं आणि स्वतःची छोटी कंपनी काढली. आईच्या रंगमंचावरच्या नावावरून आधी एमरल्ड, आणि नंतर नाव झालं ‘द फिल्ममेकर्स’. पहिला चित्रपट ‘नॉट वाँटेड’ (१९४९), विषय कुमारी मातेचा. आयडा सहलेखिका आणि सहनिर्माती होती. दिग्दर्शक होते एल्मर क्लिफ्टन, मूकपटांच्या काळापासूनचे जुने जाणते गृहस्थ. शूटिंग सुरू होऊन थोडेच दिवस झाले आणि त्यांना हृदयविकाराचा झटका आला. नवा दिग्दर्शक आणायला पैसे नव्हते. थांबायलाही पैसे नव्हते. मग आयडाच कॅमेऱ्याच्या मागं जाऊन उभी राहिली आणि चित्रपट तिनं पुरा केला. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव क्लिफ्टन यांचंच राहिलं. ते स्वतःचं करून घेणं तिला पटलं नाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकानं राबायचं आणि सगळ्यांची नावं कव्हरवर, हे आपण रोज पाहतो. इथं उलट झालं, राबणाऱ्यानंच आपलं नाव खाली ठेवलं. या चित्रपटावर बोलण्यासाठी एलेनॉर रूझवेल्ट यांनी तिला रेडिओवर बोलावलं होतं.

दिग्दर्शक म्हणून तिचं नाव आलं ते पुढच्या ‘नेव्हर फियर’ला. विषय काय घेतला? पोलिओ झालेली तरुण नर्तिका. पंधरा वर्षांपूर्वीचं स्वतःचं दुखणंच तिनं कथेत घातलं. चित्रीकरण सान्ता मोनिकातल्या खऱ्या पुनर्वसन केंद्रात केलं आणि तिथले खरे रुग्ण पडद्यावर आणले. चित्रपट चालला नाही. पण व्हीलचेअरवरची माणसं रडगाण्याशिवाय दाखवता येतात, हे त्यातून दिसलं.

तेव्हा अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेत तिच्याआधी एकच बाई होऊन गेली होती, डॉरोथी आर्झनर. आर्झनरनं १९४३ नंतर चित्रपट केला नाही. म्हणजे सगळ्या हॉलीवूडमध्ये दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसलेली बाई जवळजवळ एकटी आयडाच! मेकॅनिकलच्या वर्गात एकच मुलगी असते तेव्हा तिचं काय होतं ते आठवा, आणि त्याला काही पटींनी गुणा.

तिची कामाची पद्धत पाहिली तर कुठल्याही प्रॉडक्शन इंजिनिअरनं टोपी काढावी. बजेट अगदी तुटपुंजं, म्हणून प्रत्येक प्रवेश आधीच कागदावर आखलेला, रीटेक होता कामा नये. सेट भाड्यानं घेण्यापेक्षा लॉस एंजेलिसच्या बागेत आणि चायनाटाउनमध्ये शूटिंग. मोठ्या स्टुडिओंनी दुसऱ्या चित्रपटांसाठी उभारलेले सेट पुन्हा वापरायचे. ‘नॉट वाँटेड’मधल्या बाळंतपणाच्या प्रवेशातला डॉक्टर म्हणजे तिचा स्वतःचाच डॉक्टर! पुढं तर कोका-कोलासारख्या कंपन्यांच्या वस्तू पडद्यावर दाखवायची युक्तीही तिनं वापरली. आज त्याला मार्केटिंगवाले मोठी नावं देतात.

‘आउटरेज’ (१९५०) मध्ये तिनं बलात्काराचा विषय घेतला. सेन्सॉरच्या नियमांमुळं तो शब्दसुद्धा पडद्यावर उच्चारता येत नव्हता. तिनं शब्द टाळला आणि परिणाम दाखवला. शेजारीपाजारी बघतात कसे, ऑफिसात टेबलावर आपटणाऱ्या शिक्क्याचा साधा आवाज त्या मुलीला कसा असह्य होतो, हे सगळं. २०२० मध्ये अमेरिकेनं हा चित्रपट राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या यादीत घातला.

आणि मग ‘द हिच-हायकर’ (१९५३). बिली कुक नावाच्या खऱ्या खुन्याच्या प्रकरणावरून हा चित्रपट सुचला. कुकनं सहा माणसं मारली होती आणि दोघांना ओलीस धरून मेक्सिकोत नेलं होतं. ती दोन माणसं वाचली. आयडा त्यांना भेटली आणि काय काय घडलं ते तिनं समजून घेतलं. चित्रपटात मासेमारीला निघालेले दोन मित्र रस्त्यात एकाला लिफ्ट देतात आणि तो पिस्तूल काढतो. बस्स, एवढीच गोष्ट. खुन्याचा एक डोळा कधीच मिटत नाही, त्यामुळं तो झोपलाय की जागा आहे हे त्या दोघांना कळतच नाही. न्वार म्हणजे शहर आणि काळोख, हा हिशेबही तिनं उलटा केला. उघडं वाळवंट, भगभगीत ऊन, पळायला चारी दिशा मोकळ्या, आणि तरी पळता येत नाही. मुख्य पात्रांत एकही बाई नाही. न्वारच्या ऐन काळात बाईनं दिग्दर्शित केलेला न्वार म्हणून याच चित्रपटाचं नाव घेतात. १९९८ मध्ये तोही त्याच राष्ट्रीय यादीत गेला.

तोवर घरचं गणित बदललं होतं. ऑक्टोबर १९५१ मध्ये कॉलियर यंगशी घटस्फोट झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिनं नट हॉवर्ड डफशी लग्न केलं. यंगनं पुढं जोन फॉन्टेन या नटीशी लग्न केलं. तरीही १९५३ मध्ये ‘द बिगॅमिस्ट’ निघाला, त्याची पटकथा यंगची, दिग्दर्शन आयडाचं, आणि दोन बायका असलेल्या माणसाच्या त्या दोन बायका म्हणजे फॉन्टेन आणि आयडा! आपल्याकडं एवढ्यात तीन कोर्टकेसेस झाल्या असत्या. चित्रपट मात्र बघण्यासारखा आहे. दोन घरं मांडणारा तो माणूस त्यात खलनायक नाही, आणि त्याला माफीही नाही.

पण याच टप्प्यावर कंपनीनं आपले चित्रपट स्वतःच वितरित करायचं ठरवलं. चित्रपट बनवणं एक आणि गावोगावच्या थिएटरांत लावणं दुसरं. त्यात हात पोळले आणि १९५५ च्या सुमाराला कंपनी बंद पडली. बारा चित्रपट, त्यातले सहा आयडानं पूर्ण किंवा अंशतः दिग्दर्शित केलेले.

मग ती टीव्हीकडं वळली. तिथं वेळ त्याहून कमी आणि पैसा त्याहून कमी, म्हणजे तिचं घरचंच मैदान. काऊबॉय, पोलीस, भुताखेताच्या मालिका, जे येईल ते तिनं केलं. ‘ट्वायलाइट झोन’ या गाजलेल्या मालिकेच्या मूळ भागांपैकी एकच भाग बाईनं दिग्दर्शित केला, १९६४ चा ‘द मास्क्स’, आणि ती बाई आयडा. तिच्या खुर्चीच्या पाठीवर नावाऐवजी आपल्या सगळ्यांची आई अशा अर्थाचे शब्द असत. सेटवर ती हुकूम सोडत नसे, विनंती करी. कधीकधी एखादी गोष्ट येत असूनही कॅमेरामनसमोर थोडं अडाण्याचं सोंग घेई, म्हणजे तो आपणहून मदत करी.

यावर नंतरच्या काळात बरीच टीका झाली. बाईनं आपलं ज्ञान का लपवावं? आईचं रूप का घ्यावं? प्रश्न बरोबरच आहे. पण तो तिला विचारण्याआधी त्या सेटवरच्या पुरुषांना विचारायला हवा. साठ माणसांचं युनिट, घड्याळ पुढं पळतंय, आणि हुकूम दिला तर निम्मे जण रुसणार. तिनं काम पुरं होण्याला महत्त्व दिलं. त्याची किंमतही मोजली. १९६६ च्या ‘द ट्रबल विथ एंजल्स’नंतर तिला एकही चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला नाही. तिच्यामागून बायकांची रांग लागायला हवी होती, तीही लवकर लागली नाही. दार तिनं एकटीनं उघडलं, पण ते तिच्यामागं पुन्हा बंद झालं.

नटी म्हणून ती सत्तरच्या दशकापर्यंत दिसत राहिली. १९७२ च्या ‘ज्युनियर बॉनर’मध्ये तिनं स्टीव्ह मॅक्वीनची आई केली. १९७८ नंतर ती पडद्यावरून दूर झाली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ती गेली. त्यावेळी मार्टिन स्कॉर्सेसीनं तिच्यावर लेख लिहिला आणि नटीपेक्षा दिग्दर्शिका म्हणून ती किती महत्त्वाची होती, याकडं लोकांचं लक्ष वेधलं.

आपल्यातल्या कुणाचं वर्ष गेलेलं असतं, कुणाला टर्म ग्रँट झालेली नसते, कुणी प्लेसमेंटमध्ये मागं राहिलेलं असतं. बसवून ठेवलेल्या माणसाला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच, की बाकीचे पुढं चाललेत. त्याचं दुःख खोटं नाही आणि आयडाचंही नव्हतं. फरक एवढाच, की तिनं त्या दिवसांत बाहेरच्या बाकावर बसण्याऐवजी वर्कशॉपमध्ये उभं राहणं पसंत केलं. आठ वर्षांनी एका म्हाताऱ्या दिग्दर्शकाला झटका आला तेव्हा सेटवर असं एक माणूस हजर होतं, ज्याला पुढचा शॉट कुठून घ्यायचा हे माहीत होतं.

‘द हिच-हायकर’ फक्त सव्वा तासाच्या आतला आहे, आणि अमेरिकेत तो कॉपीराइटमधून मोकळा आहे. सबमिशन संपल्यावर एका रात्री बघून टाका. आणि हो, त्यानंतर काही दिवस हायवेवर कुणाला लिफ्ट द्यायची वेळ आली, तर आधी त्याचे दोन्ही डोळे मिटतात का ते बघा!